रामाकोना चुकलं तो उन्हाळा

आमची आई कधी माहेरी गेली नाही. म्हणजे जायची, दर उन्हाळ्यात जायची, पण तसं कोणी म्हणायचं नाही. "लेकरं मामाच्या गावाले जाऊन राहिले," असं म्हणायचे. शाळेचा निकाल लागला की चार-आठ दिवसांत रामाकोन्याहून वामनमामा यायचा, माझी आणि माझ्या धाकट्या भावाची, दिन्याची, पिशवी उचलायचा, आणि त्या पिशव्यांच्या मागेमागे आई, लेकरांना पोचवायला म्हणून, छोट्या लाइनच्या गाडीत बसायची. सौसर ते रामाकोना अंतर ते किती. गाडी अशी रखडत जायची की खाली उतरून दोन-चार टेंभरं, तेंदूची फळं, वेचून मागच्या डब्यात चढता येईल, असं दिन्याचं म्हणणं होतं. पण तेवढ्याशा अंतरासाठी आईला वर्षभर कारण मिळत नसे. सणवार सासरचे, कापूस वेचायच्या दिवसांत शेतावर माणसं, हिवाळ्यात संत्र्याची तोड, मग लगीनसराई आणि पाहुणे. कारण एकच, आमची सुट्टी. आम्ही दोघं म्हणजे तिचं तिकीट होतो. पोचवायला आलेली बाई पोचवून परत का जात नाही, असं मात्र रामाकोन्यात कोणी विचारत नसे.

रामाकोन्याला आई वेगळी असायची. तिथे तिला नाव होतं. सौसरला ती मंदीची, म्हणजे माझी, माय, बाबूजींची 'अवं', गल्लीची मास्तरीणबाई. तिथे गाडीतून उतरली की ठेसनावरच कोणीतरी हाक मारायचं, "सुमे, आली काय वं?" आणि आई तोंडाला पदर न लावता हसायची. दुपारी ती झोपायची. हे मुद्दाम सांगते, कारण सौसरला मी तिला दिवसा आडवी झालेली कधी पाहिली नाही. तिथे सारवलेल्या ओसरीत उशाला हात घेऊन अशी गाढ झोपायची की आम्ही तिच्या अंगावरून उड्या मारत जायचो तरी तिला पत्ता नसे. संध्याकाळी कन्हान नदीच्या रेतीत डांगरवाडीवर जायचं. मामा डांगर, म्हणजे खरबूज, गुडघ्यावर फोडायचा आणि आई रस कोपरापर्यंत ओघळू देत खायची. आमच्या सौसरच्या घरी ती सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं, चुलीपाशी बसून जेवायची. मला ती रामाकोन्याची आई जास्त आवडायची, आणि तिला भेटायला वर्षभर थांबावं लागायचं.

हे सगळं आज उकरून काढायला कारण झालं माझी नात. ईशा दहा वर्षांची आहे, नागपूरहून आठ दिवसांसाठी माझ्याकडे पांढुर्ण्याला आली आहे आणि सोबत तिची सुट्टी मोबाइलमध्ये भरून आणली आहे. सकाळी इंग्रजी बोलण्याचा क्लास, मग कसलं ते कोडिंग, दुपारी चित्रकला, संध्याकाळी मणी सरकवून करायचं गणित, आणि सगळं त्या काचेत डोळे घालून. माझी सून अश्विनी सगळ्या वेळा मला समजावून गेली, वर म्हणाली, "आई, सुट्टीत गॅप पडला ना की मुलं मागे पडतात." मी म्हटलं, कोणाच्या मागे? क्लास मात्र राहिले. आता पांढुर्णा जिल्ह्याचं ठिकाण झालं तरी नेट अजून तहसिलीचंच आहे. ते गेलं की पोरगी मोबाइल घेऊन गच्चीवर, जिन्यात, मोरीपाशी फिरते आणि मी तिच्या मागे पन्ह्याचा गिलास घेऊन फिरते. माझं डोकं उठलं आहे. कारण हे सोंग मी एकदा पाहिलेलं आहे, तेही मोबाइल नसताना.

माझे बाबूजी सरकारी शाळेत मास्तर होते. नोकरीपुरते मास्तर नव्हेत, झोपेतसुद्धा मास्तर. भाजीवाल्याला हिशेब मांडून दाखवायचे, पाहुण्याच्या बोलण्यातलं लिंग-वचन सुधारायचे. त्यांचं एक कायमचं दुखणं होतं. "मे महिन्यात पोट्टे हुशार राह्यतेत अन् जुलैत कोरी पाटी घेऊन येतेत. सतराचा पाढा इचारला तं आभायाकडे पाह्यतेत." दर जुलैत ते हेच म्हणत घरी यायचे. त्या वर्षी दिन्या काठावर पास झाला. मास्तरचा पोरगा आणि काठावर. शाळेत कोणी काही लागट बोललं असेल, आम्हाला कधी कळलं नाही. पण निकालाच्या दिवशी बाबूजी जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आईकडून खळ शिजवून घेतली आणि देवघराच्या बाजूच्या भिंतीवर एक भला मोठा कागद चिकटवला. वर लाल शाईने लिहिलं होतं, उन्हाळी वर्ग.

पाच वाजता उठायचं. जोर-बैठका. मग पाढे, तेही पावकी-निमकीसकट. मग शुद्धलेखन. जेवण. दुपारी सगळं सौसर दारं लोटून गपगार पडलेलं असायचं, बाहेर लू सुटलेली, आणि आमच्या घरातून आवाज यायचा, सत्रा एके सत्रा, सत्रा दुने चौतीस. चार दिवसांत गल्लीतल्या आयांना सुगावा लागला की मास्तरांकडे फुकटात पोरं बसवता येतात आणि दुपारची झोपही मिळते. एकेक करून त्यांनी आपापली पोट्टी आणून सोडली. ओसरी भरली. आता या सगळ्या लेकरांना पाणी कोण पाजणार, लू लागू नये म्हणून पन्हं कोण करणार, उन्हाने कोणाचा घोळणा फुटला तर डोक्यावर ओला रुमाल कोण ठेवणार? आई कैऱ्या उकडायची, कोळायची, गाळायची, माठ भरायची, आणि तो माठ दोन तासांत रिकामा. बाबूजी तिच्या कामाचाही धडा करायचे. ती कुरड्यांचा चीक घाटत असली की ते आम्हाला चुलीभोवती उभं करून सांगायचे, हे स्टार्च आहे, हे असं का घट्ट होतं, बोला. आम्हाला तो चीक गरम गरम, साखर घालून वाटीत हवा असायचा. धडा संपेपर्यंत तो थिजून दगड व्हायचा आणि आईचा हात भरून यायचा. तिने एकदा म्हटलंसुद्धा, "अवो, आधी सोऱ्यात घालू द्या, मंग शिकवा." बाबूजी म्हणाले, "शिकनं बंद नाई पडलं पाह्यजे." त्यांचं वाईट नव्हतं मनात. हीच तर पंचाईत होती. वाईट असतं तर रागावता आलं असतं.

आणि मग वामनमामा आला. नेहमीसारखा, दुपारच्या गाडीने, खांद्यावर पोत्यात बांधलेलं डांगर घेऊन. दिन्या पाढा अर्धा सोडून पळाला आणि त्याच्या पायाला जाऊन बिलगला. माझी पिशवी तर निकालाच्या आदल्या दिवसापासून भरलेली होती. कपाटाच्या मागे ठेवलेली. आईने हात पुसले, पाणी दिलं. कढईत घालायला रवा तिने आधीच काढून ठेवला होता, कारण मामाला सांजा लागायचा. बाबूजींनी मामाला खुर्ची दिली, चहा सांगितला, पावसापाण्याचं विचारलं, आणि चहा झाल्यावर अगदी गोड आवाजात म्हणाले, "वामन, यंदा लेकरं येत नाईत. वर्ग हाये त्यायचा."

मामाला आधी समजलंच नाही. तो हसला. म्हणाला, "भाऊजी, सुट्टीत कायचा वर्ग?"

"सुट्टीतलाच वर्ग हाये. हा कागद वाच."

मामाने कागदाकडे पाहिलं, मग स्वैपाकघराच्या दाराकडे. आई चौकटीत उभी होती. तो हळूच म्हणाला, "अन् बाई?"

"बाई एकटी कायले येईन?" बाबूजी खरंच नवल वाटून म्हणाले. "लेकरं नाईत तं."

आई आत गेली, सांजा केला, मामाला वाढला, वाटेसाठी भाकर आणि जवसाची चटणी बांधून दिली. मामा संध्याकाळच्या गाडीने एकटा परत गेला. मी ठेसनापर्यंत त्याच्या मागे गेले आणि रडत परत आले, तर आई अंगणात उन्हात वाळलेल्या कुरड्या डब्यात भरत होती. मला वाटलं होतं ती मला जवळ घेईल. ती म्हणाली, "त्या परातीतल्या आन इकडे. तुटू देऊ नको." मला तिचा एवढा राग आला. भांडत का नाही ही? बाबूजींना एक शब्द का बोलत नाही? आठ-दहा दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही, आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही, कारण माठ भरायचा होता.

त्याच आठवड्यात वर्गात निसर्ग आला. आमचा संत्र्याचा बगीचा सौसरच्या बाहेर, चालत जाण्याइतका जवळ. तो पाहायचे मोठे बाबा, म्हणजे बाबूजींचे थोरले भाऊ. बाबूजींनी फर्मान काढलं की प्रत्येकाने बगिच्यातलं एक झाड दत्तक घ्यायचं, रोज संध्याकाळी जाऊन त्याचं निरीक्षण करायचं आणि काय दिसलं ते वर्गात सांगायचं. विहिरीकडच्या पहिल्या ओळीतली झाडं आम्ही वाटून घेतली. दिन्याने आपल्या झाडाचं नाव वामन ठेवलं.

आता ज्यांना संत्र्याचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मिरगाचा बहार घ्यायचा असला तर वैशाखात बगिच्याला ताण देतात. पाणी बंद. एक थेंब नाही. महिनाभर झाडं तशीच उन्हात उभी. पानं वळतात, पिवळी पडतात, गळतात, बघणाऱ्याचा जीव कासावीस होतो. मग शेतकरी दिवस पाहून पाणी सोडतो, ताण तोडतो, आणि ते झाड अंगभर फुलतं. हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. घरात दर वर्षी जेवताना हेच बोलणं, ताण देल्ला काय, किती दिस झाले, पाला किती पडला. पण ते घरातलं बोलणं होतं. वर्गातलं खरं वेगळं असायचं. वर्गात भाषा वेगळी, मोजमाप वेगळं; घरी पायलीने मोजलेलं धान्य वर्गात किलोने सांगावं लागायचं, नाहीतर छडी. आणि बाबूजींनी शास्त्राच्या तासाला आमच्याकडून घोकून घेतलं होतं, पाने कोमेजल्यास काय करावे? झाडास नियमित पाणी द्यावे. रोज, सामुदायिक, मोठ्याने. तेव्हा आम्ही सगळी लेकरं संध्याकाळी बगिच्यात गेलो, पाहिलं तर पानं कोमेजलेली. उत्तर पाठ होतं. विहिरीवर बालट्या होत्या. आम्ही नियमित पाणी दिलं. कोणाला विचारायचं काय होतं त्यात? बाबूजींनी निरीक्षण विचारलं की आम्ही सांगायचो, झाड हिरवं आहे, पानं टवटवीत आहेत. ते शाबास म्हणायचे.

मोठे बाबा तेव्हा दुसऱ्या टोकाच्या कुंपणाच्या कामात होते. विहिरीकडे ते आले तेव्हा अख्खा बगीचा पिवळा आणि एक ओळ हिरवीगार. बुंध्याशी पायाने उकरलं तर चिखल. ते तसेच, पायाला चिखल लागलेला, आमच्या घरी आले. वर्ग भरलेला होता. मोठे बाबा दारातच उभे राहिले आणि सगळ्या पोरांसमोर म्हणाले, "शंकर, तू मास्तर हायेस का भैताड हायेस?"

बाबूजी खडू हातात घेऊन उभेच राहिले. मोठ्या बाबांनी सगळं सांगितलं. बाबूजी म्हणाले, "मी निरीक्षण करा म्हटलं होतं. पानी द्या म्हटलं नाई."

दिन्या उभा राहिला. त्याला वाटलं प्रश्न वर्गाला विचारला आहे. हाताची घडी घालून, मोठ्याने म्हणाला, "पाने कोमेजल्यास झाडास नियमित पाणी द्यावे." मागून सगळ्या ओसरीने तेच म्हटलं.

मोठ्या बाबांना हसू आलं. राग होताच, पण हसू आलं. ते धपकन खाटेवर बसले. बाबूजी खाली मान घालून म्हणाले, "ताणाचं मले माहीत हाये. माह्या ध्यानातच नाई आलं." बिचाऱ्यांचा जन्म त्याच बगिच्यातला. लहानपणी ताणाच्या दिवसांत विहिरीवर राखण त्यांनीच केलेली. पण लाल शाईच्या कागदाखाली ते आले आणि बगीचा विसरले. मोठे बाबा म्हणाले, "ह्या लाइनीले यंदा फूल येत नाई आता. पाला मस्त हिरवा राहीन, पाहाले चांगली." मग पाणी मागितलं.

पाणी घेऊन आई आली. आता मोठे बाबा म्हणजे आईचे भासरे, थोरले दीर. भासऱ्यासमोर आई डोक्यावरून पदर घेऊन यायची, तांब्या जमिनीवर ठेवायची आणि मागे फिरायची. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्याशी एक शब्द बोललेली नव्हती. काही सांगायचं असलं तर माझ्या नाहीतर बाबूजींच्या तोंडून. त्या दिवशी तिने तांब्या ठेवला आणि ती मागे फिरली नाही. भिंतीकडे तोंड करून, बाबूजींना उद्देशून म्हणाली, "त्यायले इचारा, झाड किती दिस बिनापान्याचं ठेवतेत."

मोठे बाबा गडबडले. त्यांनीही भिंतीकडेच पाहून उत्तर दिलं, "महिना. भारी जमीन असली तं जरा जास्त. त्याच्यावर नाई. त्याच्यावर झाड वाळते."

"मले वर्स होऊन राहिलं," आई म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. कुरड्या मोजून सांगावं तसं म्हणाली. मग बाबूजींकडे वळली. "उद्या सकाळच्या गाडीनं मी रामाकोन्याले जाऊन राहिली. लेकरायचा वर्ग हाये, लेकरं राहू द्या इथंच."

बाबूजी पार गोंधळून गेले. ते खरंच विचारत होते, भांडत नव्हते, "अवं, पन लेकरायबिगर तू तिथं जाशीन कायले?"

"कायले ते तिथं गेल्यावर पाहीन," आई म्हणाली आणि आत गेली. मोठ्या बाबांनी तांब्या तोंडाला लावला तो रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.

मला काय आनंद झाला. आई भांडली, शेवटी भांडली. लेकरं राहू द्या हे तिने आपलं तोंडदेखलं म्हटलं असेल, ऐनवेळी मला हाक मारेल, असं धरून मी कपाटामागची पिशवी काढली, तिच्यावरची धूळ झटकली, सकाळी वेणी घालून दारात उभी राहिले. आईने कुरड्यांचा डबा आणि एक लुगडं कापडी पिशवीत घातलं होतं. तिने माझ्या पिशवीकडे पाहिलं. म्हणाली, "तू राह्य, मंदे. पीठ चाळून ठेवलं हाये. दिन्याले दुपारी दहीभात देजो, बाबूजींची भाकर पातळ थाप." आणि गेली. वळून पाहिलं असतं तर मी पळत गेले असते. तिने पाहिलं नाही. गाडीची शिटी ऐकू आली तेव्हा मी चुलीत पऱ्हाटीच्या काड्या सारत होते आणि धुराने डोळे चुरचुरत होते. धुराने म्हणजे धुराने. रडायला सवड कुठे होती.

पुढचे दिवस मला अजून आठवले तरी माझं टाळकं फिरतं. भाकरी माझ्या हातून परातीतच फाटायच्या. हातावर चटके बसले. पन्ह्यात मीठ जास्त पडलं, गल्लीतली पोट्टी थुंकून हसली. बाबूजी पहिल्या दिवशी म्हणाले, स्वैपाक हेही शास्त्र आहे, आणि मला मदत करायला आले. भात असा शिजवला की तो उलथण्याने कापावा लागला. सतराच्या पाढ्यात मला बसवायचे आणि मध्येच विचारायचे, "मंदे, वरन उतू तं नाई गेलं?" मी काय काय सांभाळणार होते? तिसऱ्या-चौथ्या दिवशी माठ कोरडा, पोरं तहानलेली, एकाच्या नाकातून रक्त, आणि ओला रुमाल करायला घरात पाणी नाही. बाबूजींनी सगळ्या पोरांना घरी पाठवलं. मग त्यांनी बादली घेतली, स्वतः पाणी भरलं, आणि भिंतीवरचा कागद काढायला गेले. आईने शिजवलेली खळ ती, कागद सोडेना. फाटत फाटत निघाला आणि 'वर्ग' तेवढा भिंतीवर राहिला.

आम्हाला सुट्टी मिळाली. पण ती सुट्टी काय कामाची? मामा नाही, नदी नाही, डांगर नाही. दारं लोटून आम्ही तिघं अंधाऱ्या खोलीत बसायचो. दिन्या रोज म्हणायचा, "बाबूजी, आता वर्ग नाई ना, चाला आपन रामाकोन्याले." बाबूजी म्हणायचे, "बोलावल्याबिगर जावई जाते काय?" आणि मामाला आपणच परत पाठवलं हे त्यांना आठवायचं. एकदा दुपारी मी भाकर थापत असताना ते माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "तुही आई रोज कवा जेवते?" मी म्हटलं, मला काय माहीत, आपण जेवल्यावर. मग मला म्हणाले, "आधी तू खाऊन घे." मी त्यांच्यावरही चिडलेले होते, खाल्लं नाही.

आई आली ती उन्हाने रापून, चेहरा भरलेला, खांद्यावर डांगर. तिने घराकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं, हातांना तूप लावलं. माफी वगैरे काही मागितली नाही. डांगर कापून प्रत्येकाला दिलं. मी माझी फोड तशीच ठेवली. ती दिन्याने खाल्ली.

त्या वर्षी मिरगात बगीचा फुलला, वास पार रस्त्यापर्यंत. आमची विहिरीकडची ओळ तेवढी हिरवी ठणठणीत आणि फूल म्हणून नाही. मोठे बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, "हे मास्तरची लाइन. पास झाली पूर्न." बाबूजी ऐकून घ्यायचे. पुढच्या उन्हाळ्यात वर्गाचं नाव निघालं नाही. मामा आला, आम्ही निघालो, आणि गल्लीत कोणी विचारलं तेव्हा बाबूजी म्हणाले, "मंदीची माय माहेरी जाऊन राहिली. लेकरं बी चालले सोबत." मी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं.

माझा राग मात्र गेला नाही. लग्न झालं, पांढुर्ण्याला आले, लेकरं झाली, तरी तो मनात एका कोपऱ्यात होताच. आई म्हातारपणी काही दिवस माझ्याकडे राहायला होती. एकदा दोघी मिळून मेथी निवडत होतो आणि मी विचारलंच, "आई, त्या वर्षी मले काहून नाई नेलं? वर्ग तं मोडणारच होता. मी पिशवी घेऊन दारात उभी होती." मला वाटलं होतं तिला आठवणार नाही. तिला पिशवीचा रंगसुद्धा आठवत होता. ती म्हणाली, "तुह्याकडे पाह्यलं असतं तं नेलंच असतं. म्हनूनच नाई पाह्यलं." मग मेथीची काडी मोडत म्हणाली, "तुमाले घेऊन गेली असती, तं मंग मी कुठं गेली असती वं?"

उत्तर मला पटलं. चटके माझ्याच हातांना बसले होते, तरी पटलं. आणि पटूनही मी त्या उन्हाळ्यावर चिडलेलीच आहे, हे इथे लिहून ठेवते.

आत्ता हे लिहिता लिहिता अश्विनीचा फोन आला. ईशाचा गणिताचा क्लास झाला का, नेट नीट आहे का, तिने गॅप तर पडू दिला नाही ना. आवाज दमलेला. ऑफिसातून येऊन पोळ्या करत होती, मागे कुकरची शिटी. मी विचारलं, "तू माहेरी शेवटची कधी गेली होतीस?" ती म्हणाली, "तिचे क्लासच संपत नाहीत ना, आई. बघू, दिवाळीत ईशाला मामाकडे न्यायचं आहेच." मी म्हटलं, ईशा माझ्याजवळ आहे, राहील. कुकर बंद कर आणि तू जा.

ती हसली. तिला खरंच नवल वाटलं होतं. म्हणाली, "पण आई, ईशाशिवाय मी तिथे जाऊन करू काय?"

मी म्हटलं, "काय ते तिथं गेल्यावर पाह्य."